भाताच्या घरात कच्चं ताट

"किती दिवस असं गाईसारखं चरत राहशीन?" हा प्रश्न मला नात्यातल्यांनी विचारलाय, शेजाऱ्यांनी विचारलाय, खाणीतल्यांनी विचारलाय, आणि एकदा भद्रावतीच्या बसमध्ये माझा उघडा डबा बघून एका अनोळखी बाईनंही विचारलाय. उत्तर सगळ्यांना एकच दिलं. माझं पोट, माझे दात, माझी मर्जी.

मी रंजना. माजरीच्या पट्ट्यातल्या एका खुल्या कोळसा खाणीत डंपर चालवते. आमची शेती खाणीत गेली, तिच्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी होती, आणि भाऊ नसल्यामुळे ती माझ्या वाट्याला आली. सगळ्यांना वाटलं, पोरगी ऑफिसात फायली इकडच्या तिकडे करेल. मी डंपरचं ट्रेनिंग मागून घेतलं. ज्या गाडीचं चाक माझ्यापेक्षा उंच आहे ती गाडी मी चालवते, आणि चांगली चालवते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे काही झालं ते त्या गाडीपायी झालं.

मला शुगर निघाली, डंपर हातातून गेला, आणि तो परत मिळवायला मी माझं ताट बदललं. ज्यांच्या हातात नुकताच रिपोर्ट आला आहे आणि जे घरी जाऊन काय सांगायचं या विचारात बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. माझं वाचून कुणी गोळ्या बंद केल्या तर मी त्याच्या घरी येऊन भांडेन.

भिंतीवरची अक्षरं

खाणीत ठरावीक काळानं सगळ्यांची तपासणी होते. मी दर वेळी हसत जायची आणि हसत यायची. त्या दिवशी डोळ्यांच्या तक्त्यावरची खालची ओळ मला दिसेना. म्हटलं, धूळ गेली असेल. डोळे धुतले. वरची ओळही हलत होती.

खरं म्हणजे आधीपासून बरंच काही चाललं होतं. पाणी पिऊन पिऊन पोट डब्ब व्हायचं तरी तोंड कोरडं. शिफ्टमध्ये सारखं गाडीवरून उतरावं लागायचं, आणि डंपरवरून उतरणं म्हणजे घराच्या माळ्यावरून उतरण्यासारखं. आमच्याकडचा उन्हाळा असा की सगळं त्याच्यावर ढकलता येतं. मी ढकललं. वजन उतरलं तर बाया म्हणायच्या, "बारीक झाली वं, छान दिसून राह्यली!" मला बरंच वाटायचं. पाठीवर एक गळू झालं होतं, सीटला टेकलं की जीव जायचा. त्यावर मी हळद लावत होते.

रक्त एकदा घेतलं, मग पुन्हा घेतलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं कंपाउंडरला दार लोटायला सांगितलं. दार कधी लोटतात ते कळतंच.

"रंजनाताई, उद्यापासून गाडीवर बसायचं नाही."

"उद्या माही पयली शिफ्ट हाये."

"ते मी कळवतो. तुमची साखर फार वाढलेली आहे. आधी दवाखान्यात भरती व्हा."

किती वाढली होती तो आकडा मी लिहिणार नाही. लोक लगेच आपला आकडा काढून शेजारी ठेवतात. कुणी घाबरतं, कुणी खूश होतं, आणि दोघांचंही नुकसान होतं.

मी भांडायला तोंड उघडलं. त्यानं एवढंच विचारलं, "भरलेली गाडी चढावर असताना डोळ्यांसमोर अंधारी आली, तर खाली उभ्या असलेल्या माणसांचं काय?" त्याचं बरोबर होतं. समोरचा बरोबर असला की राग जास्त येतो. मी रिपोर्ट घेतला आणि चालत गेटपर्यंत आले. घरी फोन केला नाही. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो घरापुढच्या आपल्या दुरुस्तीच्या दुकानात मोटारसायकलचं चाक उघडून बसला होता. विलास कमी बोलतो. हातातला पाना खाली ठेवून तो म्हणाला, "नोकरी जाते का?"

"नोकरी नाई जात. गाडी गेली."

"मंग ठीक हाये," तो म्हणाला. त्याला वाटलं त्यानं धीर दिला.

वॉर्ड

चंद्रपूरच्या दवाखान्यात गळू कापलं. त्याबद्दल फार लिहीत नाही. कापताना दुखलं नाही, नंतर रोज पट्टी बदलताना दुखलं. जखम उघडी ठेवून आतून भरू द्यायची होती, म्हणून नर्स रोज जुनं कापड ओढून काढायची आणि नवं कोंबायची. त्या वेळी मी जोरात शिव्या द्यायची. पहिल्या दिवशी नर्स चिडली. नंतर म्हणायला लागली, "ताई, सुरू करा, मी ओढते."

वॉर्डातला दिवस बोटांपासून सुरू व्हायचा. उजाडताच सुई, रक्ताचा थेंब, मशीनची टीक. मग चहाची गाडी, माझ्या वाट्याला बिनसाखरेचा. मग झाडू, मग डॉक्टरांचा घोळका, मग पट्टी, मग पुन्हा सुई. आजूबाजूला सगळ्यांचं कण्हणं आणि सगळ्यांचे नातेवाईक. आजारापेक्षा मला त्या रिकाम्या दुपारचीच भीती वाटायची. पडल्या पडल्या डोक्यात यायचं की डोळे आणखी गेले तर, पाय गेला तर. आमच्या गल्लीत पाय कापलेला एक माणूस होता. तो मला दुपारी डोळे मिटले की दिसायचा. हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. भेटायला येणाऱ्यांसमोर मी मोठमोठ्यानं हसायची.

एक आहारतज्ज्ञ मुलगी येऊन गेली. तिनं कागदावर लिहून दिलं, दोन्ही वेळा अर्धी वाटी भात. अर्धी वाटी! माझी सासू मूल तालुक्यातल्या गावची. त्या भागात बघावं तिकडे धान आणि धानाच्या गिरण्या. तिथं सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळी भात, आणि पाहुणा आला तर पुन्हा भात. लग्न होऊन मी त्या घरात गेले आणि मलाही तीच चटक लागली. गरम भातावर वरण ओतलं की माझा हात थांबत नाही. मी त्या मुलीला म्हटलं, "मी अजिबात नाई खाणार, हे जमेल मले. अर्धी वाटी खाऊन उठनं जमणार नाई." ती हसली. तिला वाटलं मी गंमत करते आहे.

शेजारच्या खाटेवर गोंडपिपरीकडची लक्ष्मीबाई होती. तिचा पाय मोडला होता. तिची बहीण शेतातल्या काकड्या घेऊन आली, जाड सालीच्या, थोड्या कडवट. तिनं वॉर्डभर वाटल्या. मला एक मिळाली. मी ती बिनमिठाची, सालीसकट चावून खाल्ली. बराच वेळ लागला. जबडा दुखला. खाऊन झाल्यावर पोट भरलं होतं आणि आणखी काही नको वाटत होतं. कितीतरी वर्षांत असं झालं नव्हतं. भात खाताना पोट कधी भरलं ते मला कळायचंच नाही, ताट संपलं की कळायचं. काकडी चावताना कळलं.

एवढंच झालं. मला काही साक्षात्कार वगैरे झाला नाही. मी लक्ष्मीबाईला विचारलं, "आनखी एक हाये का?"

बाईंचा उपास

घरी आल्यावर मी जाहीर केलं की आजपासून मी कच्चं खाणार. काकडी, मुळा, गाजर, पत्ताकोबी, टमाटर, मोड आलेले मूग, भिजवलेले शेंगदाणे, लिंबू पिळून सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. हिवाळ्यात हरभऱ्याची कोवळी पानं आणि आवळे. चूल नको, तेल नको, भात नको.

सासूला आम्ही बाई म्हणतो. बाईंनी ऐकून घेतलं, हातातला झारा कढईवर आपटला आणि म्हणाल्या, "माह्या हातचं जेवन आता तुले विष झालं का?"

"तसं नाई बाई. मले भात सोसवत नाई."

"भात सोसवत नाई म्हंते! माह्या सासूनं नव्वदीपर्यंत भात खाल्ला. तिले नाई झाली शुगर."

"त्या दिवसभर धानाच्या बांधीत वाकून रोवणी करत होत्या. मी बसून गाडी चालवते."

"मंग गाडी सोड."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. बसले नाही. म्हणाले, "भात सोडीन, गाडी नाई सोडणार."

दुसऱ्या दिवशी मी माझी परात घेऊन बसले, तर बाई समोर रिकामं ताट घेऊन बसल्या. वाढून घेतलंच नाही. "सून उपाशी असताना मी कशी जेवू?" मी म्हटलं, "मी उपाशी नाई बाई, हे पाहा, केवढं खाऊन राह्यली." त्या म्हणाल्या, "ते जेवन नोहे. बिनाशिजवलेलं अन्न जनावर खाते." आणि तशाच उठल्या.

संध्याकाळीही तेच. मग गल्लीत बातमी पसरली की रंजनानं सासूला उपाशी ठेवलं. एकेक बाई डोकावून जायला लागली. विलास आधी बाईंना समजावून दमला, मग माझ्याजवळ आला. "रंजू, चार घास खा ना तिच्यासमोर. तिचं मन राहते."

"आज चार घास, उद्या ताट. मले माहीत हाये मी कशी हावो."

"तिले काही झालं तर?"

"मले काही झालं तर?"

मी परात उचलली, बाईंच्या खाटेवर त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि गाजर खायला लागले. कडाकडा आवाज यायचा. त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. मी एकामागून एक गाजरं खात राहिले. त्यांचा अबोला आणि माझा आवाज. असा तो सामना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालला. मग घरात वांग्याच्या भाजीचा वास सुटला. बाईंनीच फोडणी घातली होती. विलाससाठी केली म्हणाल्या, आणि त्याच्यासोबत स्वतःही जेवल्या. माझ्याशी मात्र बोलणं बंद. भाजीवाल्याकडून मुळा आणला की त्या तो माझ्या हातात न देता ओट्यावर टाकायच्या.

मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. त्या माऊलीनं माझ्या पहिल्या शिफ्टसाठी पहाटे उठून वर्षानुवर्षं डबा करून दिला होता. प्रेम दाखवायचा त्यांच्याकडे तेवढाच मार्ग होता, आणि मी तोच बंद केला. हे मला कळत होतं. तरी मी मागे हटले नाही. आजारी माणसानं सगळ्यांची मनं राखायची ठरवली तर शेवटी सगळे मिळून त्याच्या फोटोला हार घालतात.

टाइम ऑफिस

मला लाइट ड्युटी मिळाली होती. टाइम ऑफिसात बसून हजेरी बघायची. खिडकीतून डंपर जाताना दिसायचे. माझ्या गाडीवर दुसरा ऑपरेटर होता, तो उतारावर उगाच ब्रेक दाबायचा. आवाजावरून मला कळायचं आणि चीड यायची.

कच्च्या खाण्यानं मला हलकं वाटायला लागलं होतं. तहान कमी झाली, पाठीची जखम भरत आली. मग एका सकाळी, नाश्त्याला नुसता मुळा आणि टमाटर खाऊन आलेली, खुर्चीत बसल्या बसल्या माझे हात थरथरायला लागले. घाम फुटला. समोरच्याचं तोंड हलताना दिसत होतं, पण शब्द कळेना. उभी राहायला गेले आणि टेबलासकट खाली.

शुद्धीत आले तेव्हा कुणीतरी तोंडात साखर कोंबत होतं. मी थुंकत होते! शुगरच्या बाईला साखर देता का, म्हणून. नंतर कळलं की त्या साखरेनंच मला उठवलं.

संध्याकाळी घरी येऊन बघते तर माझं भाजीचं टोपलं रिकामं. विलासनं सगळं उचलून शेजारच्यांच्या शेळ्यांना घातलं होतं. गाजरं, मूग, लिंबं, सगळं. एवढा शांत माणूस, अंगणात उभा राहून ओरडत होता. "बस झालं हे! मले तू पायजे, काकडी नाई पायजे! मेली असती आज!"

मीही ओरडले. गल्ली जमली. बाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर जिंकल्याचा भाव असेल असं मला वाटलं होतं. तो नव्हता. त्या घाबरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी विलास मला चंद्रपूरला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेला. दवाखान्यात भरती असताना माझं सगळं त्यांनीच पाहिलं होतं. त्यांनी सांगावं की हा येडेपणा बंद कर, अशी त्याची इच्छा. सगळं ऐकून त्यांनी मला विचारलं, "खाणं एवढं बदललं, ते मला सांगितलं का?"

"नाई."

"गोळ्या?"

"तेवढ्याच घेऊन राह्यली. तुमीच म्हनलं होतं, चुकवायच्या नाई."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, त्या गोळ्या तुमच्या भाताच्या ताटासाठी दिल्या होत्या. ताट एवढं रिकामं केलंत तर गोळी साखर उतरवत उतरवत तुम्हालाच खाली नेणार. खाणं बदललं की गोळी बदलावी लागते. आणि ती मी बदलायची, तुम्ही नाही."

विलास म्हणाला, "म्हंजे कच्चं खानं बंद ना मॅडम?"

मी त्यांच्याकडे बघत होते. हो म्हणाल्या असत्या तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. बहुतेक दुसरा डॉक्टर शोधला असता.

त्या म्हणाल्या, "आकडे सुधारलेत. यांना हे जमतंय आणि मनापासून करायचंय, तर मी मोडणार नाही. पण नुसतं कच्चं नाही चालणार. रात्री एक भाकर, वरण, दही. अंडं खात असाल तर अंडं. नाहीतर अंगात ताकद राहणार नाही, पुढे रक्तही कमी होईल. भाजी चांगली धुवायची. जंगलातली, तळ्याकाठची पालेभाजी कच्ची खायची नाही. खिशात साखर ठेवायची. आणि दर महिन्याला माझ्यासमोर."

म्हणजे मी पूर्ण कच्ची नाही. मी पाऊणकच्ची आहे. ज्यांना यात माझी हार दिसते त्यांनी खुशाल बघावी. रात्रीची ती एक भाकर बाई थापतात. ती थापायला मिळाली तेव्हापासून त्या माझ्याशी बोलायला लागल्या. पहिलं वाक्य होतं, "भाकरीवर तेल टाकू का तेही बंद हाये?"

माइक

पुढे माझं नाव झालं. खाणीतल्या एकीनं मला चंद्रपूरला एका नैसर्गिक आहाराच्या शिबिरात नेलं. मंगल कार्यालय भरलेलं. स्टेजवर पांढऱ्या कपड्यांतले एक गुरुजी. बोलणं गोड. अग्नीनं अन्न मरतं, कच्च्यात जीव असतो, कच्चं खाणाऱ्याला औषध लागत नाही. पहिलं अर्धं ऐकताना मी मान डोलावत होते. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की या ताई शुगरवर कच्चं खातात. त्यांनी मला वर बोलावलं आणि माइक हातात दिला.

"सांगा ताई सगळ्यांना, गोळ्या कधी फेकल्या?"

"फेकल्या नाई. आज सकाळीच खाल्ली."

लोक हसले. गुरुजीही हसले. "अजून मनात भीती आहे ताईंच्या. भीती गेली की गोळी जाईल."

मला खाली उतरून गप्प बसता आलं असतं. पण पुढच्या रांगेत बसलेली तोंडं मला दिसत होती. म्हातारी माणसं, सुजलेले पाय, हातात प्लास्टिकच्या पिशव्यांत रिपोर्ट. मी माइक सोडला नाही.

"भीती हायेच गुरुजी. मी डंपर चालवते. ब्रेक चांगला लागते म्हनून कोनी ब्रेक काढून ठेवत नाई. माह्या गोळ्या कमी झाल्या, हे खरं हाये. पन त्या डॉक्टरबाईनं कमी केल्या, रक्त तपासून. अन् गोळीचं माप चुकलं होतं तेव्हा मी टेबलासकट पडली होती. तुमी मुळा खा, गाजर खा, मी पन खातो. पन माह्या नावावर कोनाची गोळी बंद करू नका."

माइक बंद झाला. तो कुणी बंद केला ते मला माहीत नाही. मी तशीच ओरडून वाक्य पूर्ण केलं. कुणीतरी म्हणालं, "उतरा ताई, दुसऱ्यांनाही बोलू द्या." मी उतरले. माझ्यासोबत आलेली मैत्रीण लाजेनं लाल झाली होती.

बाहेर चपला शोधत होते तेव्हा एक बाई माझ्या मागे आली. तिचा हात गार होता. "ताई, आमच्या यांनी कालपासून इंजेक्शन घेतलं नाई. शिबिरात जायचं म्हनून. आता पोटातलं सगळं वकून राह्यले, उठत नाई." तिचा नवरा कार्यालयाच्या मागच्या ओसरीत भिंतीला टेकून बसला होता. श्वास जोरजोरात चाललेला, डोळे अर्धवट मिटलेले. मी त्याला ओळखत नव्हते, तरी ऑटो बोलावला आणि दोघांना दवाखान्यात घेऊन गेले. मैत्रीणही आली, तिनंच त्याला एका बाजूनं धरलं होतं. आतला डॉक्टर म्हणाला, अजून उशीर झाला असता तर हाती लागला नसता. तो वाचला. त्याची बायको अजून मला फोन करते. बोलणं बहुतेक भाज्यांच्या भावावरच असतं.

शिबिरातून मला पुन्हा बोलावणं आलं नाही. उलट, रंजनाला फार गर्व चढलाय, असं माझ्यापर्यंत आलं. आला असेल. आजारानं एवढं घेतल्यावर थोडा गर्व ठेवला तर काय बिघडलं?

फेरतपासणी

डोळे सुधारायला वेळ लागला. साखर उतरली की नजर लगेच साफ होईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. आधी आणखी पुसट झाली, मग हळूहळू जागेवर आली. त्या मधल्या काळात मी खूप रडले. बाथरूममध्ये, नळ सोडून. धीट दिसणाऱ्या माणसांनाही हे लागतं. मी हेही लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की रंजना लोखंडाची आहे आणि आपणच मेणाचे.

मूलला चुलत दिराचं लग्न होतं. पंगतीत मी माझा डबा उघडला आणि समोरच्या रांगेतून सुरू झालं. असं काय, एक दिवस तर खा, वधूवरांचा अपमान होतो. मी बाह्या सरसावत होते, तेवढ्यात पलीकडे बसलेल्या बाईंचा आवाज आला. तोंडात भाताचा घास तसाच.

"तिले डॉक्टरनं सांगतलं तसं खाऊन राह्यली ती. तुमाले काऊन पोटात दुखते? तुमच्या ताटातलं घेतलं का तिनं?"

बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. आणखी भात मागून घेतला.

फेरतपासणीच्या दिवशी तोच तरुण डॉक्टर होता. तक्त्यावरच्या सगळ्या ओळी मी वाचल्या, अगदी खालचीही. पायांना टाचणी टोचून बघितली, रक्त, हृदय, सगळं. चंद्रपूरच्या डॉक्टरबाईंचं पत्र पुढे ठेवलं. गोळ्या बदलल्यापासून एकदाही चक्कर आली नाही, हे त्यांनी त्यात लिहिलं होतं. त्यानं ते वाचलं. मग म्हणाला, "फिट. पण रात्रपाळी नाही, आणि तपासणीला लवकर लवकर यायचं."

साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते चांगले माणूस आहेत, माझ्या भल्याचंच बोलत होते. "रंजना, कशाला पुन्हा त्या धुळीत? इथं पंखा आहे, खुर्ची आहे. आता वयही झालं तुझं. टाइम ऑफिसातच राहा, मी करून देतो."

"साहेब, खुर्ची ज्याले पायजे त्याले द्या. मी फिट हावो. तुमच्या डॉक्टरनंच लिहून देल्लं."

"परत काही झालं तर?"

"झालं तर पुन्हा उतरवा. मी पुन्हा चढीन."

त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना ओट्यावर डबा तयार होता. काकडी चिरलेली, गाजराचे तुकडे, मूग, वर लिंबू. तुकडे मोठे आणि वाकडेतिकडे होते. बाईंना कच्चं चिरायची सवय नाही. "यानं कसं पोट भरते कायजन," असं पुटपुटत त्या आत निघून गेल्या.

मी शिडी चढून केबिनमध्ये बसले. सीट दुसऱ्याच्या उंचीची होती, ती खाली घेतली. आरसे लावले. खिशात साखरेची पुडी आहे का ते चाचपलं. इंजिन सुरू केल्यावर ते सगळं हादरणं पाठीतून आत गेलं, गळवाची जखम भरल्या जागेतूनही. दुखलं नाही.

खाली कोळसा भरणाऱ्या शॉवेलजवळ गाडी उलटी लावली तेव्हा वॉकीटॉकीवर शॉवेलच्या ऑपरेटरचा आवाज आला. जुना माणूस, खरखरता आवाज.

"कोन हाये गाडीवर?"

"रंजना."

"अरे! बरी झाली का बैन?"

"बरी नाई झाली, भाऊ," मी म्हणाले. "पन आली ना. भरा गाडी."